सगळंच तपकिरी

टॉन्सिलचा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि माझ्या तोंडून जी शिवी निघाली, ती घरी रांगतं लेकरू असलेल्या बाईला शोभणारी नव्हती. पेशी तपकिरी, पेशींमधली जागा तपकिरी, जिथे काहीच नसतं ती कडसुद्धा तपकिरी. चादरीवर कॉफी सांडावी तसा काप.

“पुन्हा?” बेसिनपाशी बरण्या घासत ल्युबिंकामावशींनी विचारलं.

“पुन्हा.”

“म्हणजे तुझ्या अँटीबॉडीच्या मते या टॉन्सिलमधला एकूण एक जण खुनी आहे.”

“मावशी, नका ना.”

“मी कुठे काय म्हणतेय? ती म्हणतेय.”

ती अँटीबॉडी माझीच, म्हणजे मीच ती आमच्या प्रयोगशाळेत आणलेली. आपल्या अंगात काही पेशी मारेकऱ्याचं काम करतात. रोगट पेशी सापडली की तिला चिकटायचं, तिच्या कातडीला भोक पाडायचं आणि आपल्या पोटातलं एक एन्झाइम आत सोडायचं. मग ती पेशी मुकाट्याने मरते. त्या एन्झाइमचं नाव ग्रॅन्झाइम. माझी अँटीबॉडी फक्त ग्रॅन्झाइमलाच चिकटते, आणि तिच्यावर आम्ही तपकिरी रंग चढवतो. सगळं नीट झालं तर निळसर कापावर खसखस सांडल्यासारखे ठिपके दिसतात. जिथे ठिपके, तिथे हत्यारबंद मारेकरी. टॉन्सिलमध्ये ते थोडे असतातच, म्हणून रुग्णाच्या कापाबरोबर दरवेळी टॉन्सिलचाही काप रंगवायचा. ज्या गणिताचं उत्तर माहीत आहे ते आधी सुटतंय का, हे बघायला.

बाळंतपणाच्या रजेवर गेले तेव्हा सुटत होतं. वर्षभराने परत आले तर सुटेना. मधल्या काळात ही चाचणी कुणी केलीच नव्हती. बाकीच्या सगळ्या चाचण्या यंत्र करतं, ही एकटी हाताने करायची, आणि हाताने करायला मी नव्हते. जुन्या बाटलीची मुदत संपली होती. नवी आली, आणि तिच्याबरोबर ही पीडा.

नुसत्या टॉन्सिलचा प्रश्न असता तर मी एवढी चिडले नसते. पण प्रश्न ओग्न्येनचा होता.

ओग्न्येन टपाल वाटायचा. बेलग्रेडच्या चढउतारांवर पाठीला थैली लावून हिंडणारा पोरगा. गेल्याच्या गेल्या शरद ऋतूत त्याच्या आईने, रादोसावाने, त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं. ते इतके दिवस गुण्यागोविंदाने चाललं आणि आता त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याची खूण, हळूहळू चढायला लागलं होतं. डॉक्टर ग्वोझ्देननी सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढला आणि माझ्याकडे पाठवला. शेवईएवढा तुकडा. तो मेणात बसवून आम्ही त्याचे काप काढले. साध्या रंगात दिसलं ते असं, की नळ्यांच्या आसपास पेशींची गर्दी जमलेली. पण जखमा अशा म्हणाव्या तर फारशा नव्हत्या.

“गर्दी मलाही दिसतेय,” ग्वोझ्देन माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले होते. नावाचा अर्थ लोखंडी, आणि माणूसही तसाच, हसला तरी कुरकुरल्यासारखा वाटतो. “मला एवढंच सांगा दुन्या, आईच्या किडनीवर त्याच्या अंगानं दंगल सुरू केलीय की नुसते बघे जमलेत?”

“ग्रॅन्झाइम लावून बघते.”

“लवकर बघा. दंगल असेल तर मला प्रतिकारशक्ती दाबायचा मोठा डोस द्यावा लागेल. आणि त्याच्या छातीत ती जुनी बुरशी बसलीय. डोस दिला की ती उठणार. उगाच दिला तर पोरगा फुप्फुसानं जाईल, नाही दिला तर किडनी जाईल.”

एवढं सोपं करून सांगितलं होतं त्यांनी. आणि मी त्यांना तपकिरी चादरी दाखवत बसले होते.

पहिल्या दोन खेपांना मी टॉन्सिलबरोबर ओग्न्येनचेही काप रंगवले. ते असेच वाया गेले. मग घाबरून त्याचा मेणाचा ठोकळा बाजूला ठेवला आणि नुसत्या टॉन्सिलवर झगडायला लागले. मेणात बसवलेला तुकडा दरवेळी कापताना थोडा थोडा संपतो, आणि पुन्हा कापायला घेतला की पृष्ठभाग सपाट करण्यातच बराचसा जातो. रादोसावाची किडनी माझ्या पात्याखाली शेवईची सालपटं होऊन चालली होती.

“अँटीबॉडीच खराब आहे,” ल्युबिंकामावशी रोज म्हणायच्या. “ज्या उंदरापासून काढली तो उंदीरच आजारी असणार. कंपनीला लिही.”

“अहो, अँटीबॉडी न घालतासुद्धा तपकिरी आलंय. कालच बघितलं की आपण.”

“मग उंदराचा मामा आजारी असेल.”

त्यांच्यावर रागावता येत नाही. मी इथे शिकाऊ डॉक्टर म्हणून आले तेव्हा काचपट्टी कशी धरायची हे त्यांनी शिकवलं. माझी इस्क्रा पोटात असताना मला ओकाऱ्या व्हायच्या तेव्हा वास येणारी सगळी कामं त्या न बोलता स्वतःकडे ओढून घ्यायच्या. द्रावणं नेहमी त्याच करतात. माझ्या हाताला बाटल्या तयार लागतात, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की त्यात बघण्यासारखं काही असेल असं कधी मनातही आलं नाही.

मी एकेक पायरी उलटी चालत गेले. पाणी बदललं. रंग नवा घेतला. धुण्याचा वेळ वाढवला. कुकरमध्ये काप उकळतो त्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून वॉशर बदलला. सगळंच तपकिरी. शेवटी अंड्यापर्यंत आले.

अंडं हे आमच्या जुन्या पद्धतीतलं आहे. मूत्रपिंडाची एक खोड असते. त्याच्या नळ्यांत एक जीवनसत्त्व आधीच भरलेलं असतं, आणि आमचा रंग बसवायचा दुवा नेमका त्याच जीवनसत्त्वाचा. ते झाकलं नाही तर रंग नको तिथे बसतो. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी तयार कुप्या येतात, आमच्याकडे अंडं येतं. अंड्याचा पांढरा भाग ते जीवनसत्त्व घट्ट धरून ठेवतो. पण त्याला हात असतात अनेक, आणि त्यातले बरेचसे रिकामे राहतात. ते रिकामे हात भरायला वरून साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं पाणी, कारण दुधात तेच जीवनसत्त्व असतं. अंडं, मग दूध, मग अँटीबॉडी, मग रंग. मावशी याला धिरडी घालणं म्हणतात.

अंडं आणि दूध दोन्ही वगळून एक टॉन्सिल रंगवला. स्वच्छ! निळ्यावर खसखस. मी मावशींना मिठीच मारली.

“म्हणजे अंडंच नासकं!” त्या म्हणाल्या. “त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली अंडी, सांगत नव्हते मी? पिंजऱ्यातल्या कोंबड्या त्या. उद्या माझ्या बहिणीकडची आणते, गावची. उपास आहे म्हणून घरात ढीग साठलाय.”

टॉन्सिलला अंडं नसलं तरी चालतं, मूत्रपिंडाला चालत नाही. म्हणून गावची अंडी आली. पिवळा बलक दरवेळी वाया जातो म्हणून मावशींचा जीव तुटायचा. मोठा उपास चालू, ईस्टरपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, आणि आपल्याच हाताने रोज बलक बेसिनमध्ये सोडायचा. “देवा, बघतोयस ना, खात नाहीये मी,” असं पुटपुटून त्या नळ सोडायच्या.

गावच्या अंड्यांनीही तपकिरीच आलं. मी रडले. खोटं कशाला सांगू, कापांच्या फ्रीजला कपाळ टेकवून रडले. घरी इस्क्राला एक दात येत होता आणि ती रात्र रात्र माझं बोट चावत होती. तिला तरी कळत होतं काय दुखतंय ते.

गुरुवारी ग्वोझ्देनचा फोन आला.

“आकडा आणखी चढलाय. उद्या संध्याकाळी मी निर्णय घेणार. तुमच्याकडून काही आलं तर बघून, नाही आलं तर नाणं उडवून.”

“उद्या मोठा शुक्रवार आहे, गुड फ्रायडे. सुट्टी.”

“मूत्रपिंडाला सांगतो तसं.”

शुक्रवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात कांद्याच्या सालींचं पाणी उकळत होत्या, अंडी रंगवायला. घरभर तांबूस वास. मी इस्क्राचं दूध करत होते. पावडर बाटलीत टाकली की नेहमीसारखी वर तरंगली, गुठळी होऊन काचेला चिकटली. हलवून हलवून मनगट दुखलं.

“आजच्या दिवशी पण कामाला?” सासूबाई म्हणाल्या. “मेलेल्या तुकड्यांना काय घाई असते गं?”

“तुकडा मेलाय आई, माणूस जिवंत आहे.”

इस्क्राने माझा कोट धरून ठेवला. एकेक बोट सोडवावं लागलं, आणि सोडवलं की दुसरं चिकटायचं. शेवटी सासूबाईंनी तिच्या हातात एक लाल अंडं दिलं. ते तिने लगेच जमिनीवर आपटलं आणि इतकी खूश झाली की मी निसटले.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मावशी घरी अंडी रंगवत असणार. मी ओग्न्येनचा ठोकळा काढला. मेणात आता तुकडा दिसायचा तो जेमतेम, नखाच्या कडेएवढा. एक काप निघाला. त्याच्यापुढे पात्याखाली फक्त मेण आलं. तो काप आणि टॉन्सिलचा एक, दोन्ही काचपट्ट्यांवर घेतले. उकळले, गार केले. अंड्यात ठेवले. आता दूध.

दुधाचं द्रावण इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच स्वतः करत होते. कपाटातून बरणी काढली, चमचाभर पावडर पाण्यात टाकली आणि ढवळायला काडी घातली. काडी फिरण्याआधीच पावडर विरघळली. गुठळी नाही, तरंगणं नाही, काचेला चिकटणं नाही. वर तेलाचे बारीक डोळे चमकायला लागले.

मी बघतच राहिले. हातात अजून सकाळच्या बाटलीचं दुखणं होतं. दुधाची पावडर अशी वागत नाही. साय काढलेल्या दुधावर तेल येत नाही.

वास घेतला. गोडसर, नारळासारखा.

मी मावशींना फोन लावला. मागे पातेल्यांचा आवाज, नातवंडांचा गोंगाट.

“मावशी, कपाटातल्या बरणीत काय आहे?”

“कुठल्या? दुधाच्या? दूध.”

“कसलं दूध?”

“पावडरीचं. दुसरं कसलं? पिशवीवर लिहिलंय की, दूध म्हणून. कॉफीला आणते तेच. एक पिशवी आणली, अर्धी कॉफीच्या डब्यात, अर्धी तुझ्या बरणीत.”

“मावशी, पिशवीवर दूध एवढंच लिहिलंय की आणखी काही?”

“उपासाचं दूध, असं लिहिलंय.” एक पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. “दुन्या, अगं, उपासाचं असलं तरी दूधच ना ते?”

“त्यात दूध नसतं मावशी. नारळ आणि साखर असते. म्हणून तर उपासाला चालतं.”

“पण पांढरं होतं गं.”

“मला ठाऊक आहे.”

“आणि अंडी तर मी खरी आणली! कामाला लागतात म्हणून आणली, उपासात हात लावला मी अंड्याला! दूध मात्र मला वाटलं… म्हटलं, एवीतेवी उपासाचं चाललंय तर जनावराचं घरात कशाला आणायचं.” त्यांचा आवाज बसला. “त्या पोराचं काय झालं?”

“अजून काही नाही झालं. मी बघते. ठेवते आता.”

ओरडायचं होतं मला, खूप. पण कुणावर? पिशवीवर? वर्षानुवर्षं बाटल्या हातात आयत्या घेणाऱ्या मीच एकदा बरणीत नाक घातलं असतं तर? अंड्याचे रिकामे हात भरायला काहीच मिळत नव्हतं, म्हणून ते रंगाला धरत होते, जिथे दिसेल तिथे. आठवडाभर आम्ही कोंबड्या बदलत होतो.

काप अंड्यात सोडून मी एप्रनवरच कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले. दाराशीच उपासाच्या वस्तूंची रास. उपासाचं चीज, उपासाची बिस्किटं, उपासाचं दूध. दुकानदारीण गल्ल्यावर अंड्यांचे रंग विकत होती.

“साधं दूध द्या. पावडर. साय काढलेली.”

“आज?” तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मोठ्या शुक्रवारी?”

“आज.”

“बाळाला का? मग बाळाचं घ्या की, ते तिकडे आहे.”

“बाळाला नाही. किडनीला.”

तिने मागच्या फळीवरून धूळ झटकून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली, मी वेडी असल्यासारखी.

या पावडरीने बरोबर गुठळ्या केल्या. त्या गुठळ्या मोडताना मला किती बरं वाटलं. दूध, धुणं, अँटीबॉडी, धुणं, रंग. टॉन्सिल आधी बघितला. स्वच्छ निळा, आणि त्यावर इकडे तिकडे खसखस. इतका सुंदर की कुणाला तरी दाखवावासा वाटला, पण दाखवायला कुणीच नव्हतं.

मग ओग्न्येनचा. पार्श्वभूमी निर्मळ. एक नळी. दुसऱ्या नळीचा अर्धा भाग. एक बारीक रक्तवाहिनी. बाकी सगळं तुकड्याच्या कडेचं चिवट आवरण. त्या दीड नळीभोवती एकही ठिपका नव्हता.

मी काचपट्टी पुढेमागे सरकवत राहिले, जणू जास्त वेळ बघितल्याने मूत्रपिंड वाढेल.

ग्वोझ्देन स्वतःच खाली आले. दार ढकलून आत.

“आलं?”

“आलं. रंग बरोबर आलाय.”

“आहेत की नाहीत?”

“या कापात नाहीत.”

त्यांनी श्वास सोडला. “म्हणजे बघेच जमलेत. डोस नाही द्यायचा.”

“डॉक्टर, थांबा. आधी इथे बघा.”

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“हे काय आहे?”

“तुकडा संपला. ही त्याची कड उरली होती. या कापात नाहीत म्हणजे किडनीतच नाहीत, असं नव्हे. इथे बघायलाच काही नाहीये.”

“एक आठवडा!” ते सरळ झाले. “एक आठवडा मी त्या बाईला सांगतोय, प्रयोगशाळा बघतेय. आणि आता तुम्ही म्हणता बघायला काही नाही? कुठे गेला तुकडा?”

मी बरणी दाखवली. सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा हसायचा की फुटायचा ते ठरवत होता.

“उपासाचं दूध,” ते शेवटी म्हणाले. “तीस वर्षं नोकरी केली मी. पोप येऊन सांगतील तरी विश्वास बसला नसता.” मग टाचेवर वळले. “चला.”

“कुठे?”

“वर. पुन्हा सुई घालायचीय. तो मागच्या वेळी म्हणाला होता, परत हात लावलात तर पळून जाईन. तुम्ही सांगा त्याला. मी आठवडाभर खूप काही सांगितलंय.”

वॉर्डाच्या दारातच रादोसावा बसली होती. मी तिला कधी भेटले नव्हते. ओळखत होते ती तिच्या मूत्रपिंडाच्या नळ्यांवरून, ओळखायचंच म्हटलं तर. ठेंगणी, रुंद हातांची बाई. ग्वोझ्देननी माझं नाव सांगितलं आणि बाजूला झाले.

“पुन्हा तुकडा काढावा लागेल,” मी म्हटलं.

“का? पहिला नीट नव्हता?”

“पहिला चांगला होता. आमच्याकडे वाया गेला. आमच्या द्रावणात चूक होती. ती आज सापडली.”

ती उठली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती, माझ्या एप्रनच्या खिशाकडे बघत होती, जणू तिथे काही शिल्लक असेल.

“मी एक दिली,” ती म्हणाली. “अख्खी दिली. तुम्ही लोकांनी तिचे काप करून करून संपवले?”

“एक बारीक तुकडा, काकू. किडनी तशीच आहे.”

“तशीच नाहीये. तशीच असती तर आम्ही इथे कशाला असतो?”

मला एकदम इस्क्राची बोटं आठवली, कोटावरून एकेक सोडवलेली. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. ती सरकली नाही, पण उठायलाही सांगितलं नाही.

आतून आवाज आला. “आई, कोण आहे?”

“प्रयोगशाळेतली. परत टोचायचं म्हणतात.”

ओग्न्येन म्हणाला, “विचार तिला, या वेळी तरी नक्की कळणार का?”

“कळणार,” मी दारातूनच म्हटलं.

“मागच्या वेळीही असंच म्हणाले होते.”

“मागच्या वेळी मी नव्हते आले.”

“आज कशाला आलात मग? माफी मागायला?”

“तुकडा घ्यायला. तुम्ही दिलात तर.”

त्याने उशीत तोंड घालून काहीतरी म्हटलं. मग मोठ्याने, “टोचा. पण आईला खाली कॉफी प्यायला पाठवा. तिला बघवत नाही आणि मग मला तिच्याकडे बघवत नाही.”

रादोसावा गेली नाही. दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सुईचा खटका वाजला तेव्हा तिचा स्वतःचा हात कमरेपाशी गेला. मी तुकडा बाटलीत घेतला आणि जिना उतरले.

तो रात्रभर यंत्रात पडून राहिला. शनिवारी सकाळी मेणात बसवला आणि कापला. मावशी सुट्टी असून आल्या, डोळे सुजलेले, हाताची बोटं अंड्यांच्या रंगाने तांबडी. “काही सांगू नकोस, मी फक्त पाणी आणते,” म्हणाल्या आणि खरंच फक्त पाणी आणलं. दूध मी केलं. मावशी बरणीकडे बघतसुद्धा नव्हत्या.

दुपारी काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. नळ्या, भरपूर. आणि नळ्यांच्या भिंतीत, अगदी भिंतीच्या आत शिरलेले, तपकिरी ठिपके. एकीत, दुसरीत, तिसरीत. जिकडे सरकवावं तिकडे खसखस. मी आठवडाभर याच ठिपक्यांसाठी जीव टाकत होते, आणि आता ते नसते तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

ग्वोझ्देननी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“आहेत,” मी म्हटलं. “दंगल आहे. आत घुसलेत.”

पलीकडे कुणाला तरी दिलेली सूचना ऐकू आली, डोस तयार करा, बुरशीचं औषध दुप्पट करा, छातीचा फोटो रोज. मग परत माझ्याशी, “हेच गेल्या शनिवारी कळायला हवं होतं.”

“माहितेय.”

“माहितेय तर ठीक.”

फोन ठेवला. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. “वाचेल ना गं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोस लागू पडला तर. त्या उठल्या आणि भांडी घासायला लागल्या, आधीच घासलेली.

ईस्टरच्या दोन दिवसांनंतर, मंगळवारी, मी वर गेले. जायचं कारण नव्हतं, काप तपासून झाले होते. ग्वोझ्देन दारात भेटले आणि हातातला कागद पुढे केला. आकडा थांबला होता. उतरला नव्हता, पण चढायचा थांबला होता. “छाती अजून शांत आहे,” ते म्हणाले. “किडनी राहील असं वाटतंय. पण आधीसारखी नाही राहणार. किती गेली ते पुढच्या महिन्यांत कळेल.”

ओग्न्येन खिडकीकडे तोंड करून झोपला होता. औषधाने चेहरा सुजलेला. रादोसावा संत्रं सोलत होती, आख्खी साल एका लांब पट्टीत उतरवत. माझी चाहूल लागली तरी तिने सालीवरून नजर काढली नाही.

“डॉक्टर म्हणाले, थांबलंय.”

“हो. थांबलंय.”

“आठवडा आधी थांबलं असतं?”

मी खोटं बोलू शकले असते. मी डॉक्टर आहे, मला ते जमतं. पण तिच्या मुलाच्या पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून जमेना.

“बहुतेक थांबलं असतं. आणि जास्त वाचलं असतं.”

तिने संत्र्याच्या फोडी वेगळ्या केल्या, एकेकीचा दोरा काढला आणि बशीत मुलाच्या हाताशी ठेवल्या. मला दिल्या नाहीत.

“परत कधी टोचलं,” ती म्हणाली, “तर पहिल्याच तुकड्यात बघा.”

“बघेन,” मी म्हटलं, आणि खाली आले. टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा येऊन पडला होता. मी दूध ढवळायला घेतलं.